दहा पटीचं भिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जर्मनीतलं फ्रीडरिक्सहाफेन हे डॉर्निअर या विमान कंपनीचं गाव. इथल्या जुन्या बाजारात पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे फोटो अजून मिळतात आणि मी ते जमवतो. फोटोमागे नाव-साल क्वचितच लिहिलेलं असतं. ते शोधण्यासाठी पस्तीस युरोला हे तीन काचांचं, घडी होणारं भिंग घेतलं. आधी मोबाइलवर फोटो मोठा करून बघायचो, पण थोड्याच वेळात सगळं धुरकट व्हायचं.

पहिल्याच दिवशी डो एक्स या डॉर्निअरच्या अवाढव्य विमानाचा फोटो याखाली धरला. बारा इंजिनांचं विमान कुणीही ओळखेल, पण फोटो कधीचा? भिंगातून इंजिनांच्या सहाही जोड्या सुट्या दिसल्या. सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले आणि सगळ्या जोड्यांना सांधणारा एक अरुंद पंख. म्हणजे ही हवेने थंड होणारी, सुरुवातीची ज्युपिटर इंजिनं. 1930 मध्ये ती काढून पाण्याने थंड होणारी कर्टिसची इंजिनं बसवली, तेव्हा तो मधला पंखही गेला. पहिलं उड्डाण 12 जुलै 1929 चं. एवढ्याशा काळात फोटो पक्का बसला! त्या रात्री मला झोप लागली नाही.

वाल आणि डो 18 या डॉर्निअरच्याच दोन विमानांमध्ये माझी कायम गल्लत व्हायची. दोघांचीही दोन इंजिनं एकामागे एक, पुढचं ओढणारं, मागचं ढकलणारं. आता आधी नोंदणीक्रमांक बघतो. 'डी'नंतर आकडे असतील तर फोटो 1934 च्या आसपासचा किंवा आधीचा, नुसती अक्षरं असतील तर नंतरचा. डो 18 उडालंच 1935 मध्ये, त्यामुळे आकडे दिसले की वाल.

छापील पोस्टकार्डावर मात्र ठिपक्यांची रांगोळी दिसते, पुढे काही नाही. तरी हेही कामाचं. खरा फोटो की छापील, हे पैसे देण्याआधी तिथल्या तिथे कळतं.

तक्रारी दोन. आतला दिवा चकचकीत कागदावर नुसता चमकतो, मी तो बंद ठेवून खिडकीच्या तिरप्या उजेडात बघतो. आणि बिजागरीचा स्क्रू चौथ्या महिन्यात ढिला झाला. या किमतीला तो नीट बसवायला हवा होता. डोळा आणि फोटो, दोन्हीकडे जेमतेम इंचभर अंतर ठेवावं लागतं, त्याची सवय आठवड्यात होते.

गेल्या शनिवारी एक दुपंखी विमान मिळालं, एकच इंजिन, खाली दोन लांब फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगायचे पोकळ पाय. शेपटीखाली तिसरा फ्लोट आहे का, हे भिंगातून दहादा तपासलं. नाही. म्हणजे एफएफ 33 या पहिल्या महायुद्धातल्या विमानाचा नंतरचा प्रकार, याच गावच्या कारखान्यातला. 'व्होल्फ' या जर्मन जहाजावर असंच एक विमान होतं, त्याचं नाव 'व्होल्फशेन', लांडग्याचं पिल्लू. त्या जहाजाने फेब्रुवारी 1917 मध्ये मुंबईबाहेर समुद्रात सुरुंग पेरले आणि जूनमध्ये 'मंगोलिया' ही बोट त्यातल्या एकावर आपटून बुडाली. आम्ही अलिबागचे. तो फोटो मी अजून पेटीत ठेवलेला नाही, टेबलावरच आहे, भिंगाशेजारी.