सासूबाईंची पाटी, माझी पेटी : ई-रीडरचे नऊ महिने

गेल्या दिवाळीत बोनस हातात आला आणि घरात कुणाला कळायच्या आत मी ई-रीडर, म्हणजे पुस्तकं साठवून वाचायचं यंत्र, मागवला. सहा इंची, काळा-पांढरा, आतून उजेड देणारा. साडेअकरा हजार, वर कव्हरचे आठशे. आता जुलै चालू आहे, म्हणजे नऊ महिने रोजचा वापर झाला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे थोड्या शिव्या आहेत, आणि त्या एकाच कंपनीच्या वाट्याच्या आहेत असं मला वाटतही नाही.

आधी मी काय वाचते ते सांगते, कारण माझं मत त्यावरच उभं आहे. खून, भुताटकी आणि परग्रह. बस्स. पतसंस्थेतले सहकारी अधूनमधून म्हणतात, "मॅडम, कधीतरी चांगलं काहीतरी वाचा की." त्यांना मी आपल्याच कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांची गोष्ट सांगते. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने विज्ञानकथा पाठवली होती. आपलं नाव बघून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालंच. एवढा मोठा माणूस ज्या प्रकारच्या गोष्टी हौसेनं लिहायचा, त्या वाचायला मी लाजू व्हय? पण हे असो.

ई-रीडर घ्यायचं खरं कारण पाणी. आम्ही शाहूपुरीत राहतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये घरात कमरेएवढं पाणी आलं आणि वडिलांकडून आलेल्या रहस्यकथांचे खालचे दोन कप्पे गेले. ही पुस्तकं कसल्या कागदावर छापलेली असतात ते ज्यांनी हाताळलीयत त्यांना ठाऊक आहे. पाणी ओसरल्यावर एक उचललं, तर मुखपृष्ठावरची पिस्तूलवाली बाई माझ्या तळहाताला चिकटून आली आणि बाकीचं पुस्तक कप्प्यातच राहिलं, भिजलेल्या पोह्यांसारखं. एकशे चाळीसच्या आसपास होती. एकतीस वाचली. ती पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर ठेवली, म्हणून 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा पेटीला काही झालं नाही. तेव्हापासून डोक्यात होतं की सगळं वाचन पर्समध्ये मावेल असं काहीतरी पाहिजे.

तर पर्समध्ये मावणं. यात ते पैकीच्या पैकी. नोकरीला मी रोज एसटीनं इचलकरंजीला जाते, जाऊन-येऊन दोन तास. खिडकीतून ऊन आलं की मोबाईलचा पडदा आरसा होतो, यावर मात्र अक्षरं उलट जास्त ठसठशीत दिसतात. पडद्यात बारीक कुप्या असतात आणि त्यांच्यात काळे-पांढरे कण. विजेचा इशारा मिळाला की पाहिजे ते कण वर येतात आणि तिथंच बसून राहतात. म्हणून पान बदलताना तेवढी वीज लागते, पान नुसतं समोर धरायला लागत नाही. चार्जिंग कित्येक आठवडे टिकतं असं सांगतात, ते रोज अर्धा तास वाचणाऱ्याचं गणित. मी दिव्यासकट दोन-अडीच तास वाचते, मला बारा-तेरा दिवस पुरतं. तक्रार नाही. एसटीत एकच गैरसोय झाली. शेजारी बसलेले एक काका निवांत माझ्याबरोबर वाचत होते, आणि मी पान उलटलं की "थांबा की जरा" म्हणायचे.

आता रहस्यकथेच्या वाचकाला ज्यात रस आहे ते. लायब्ररीच्या पुस्तकांचा माझ्यावर एक जुना राग आहे, म्हणजे माझा त्यांच्यावर. दहाव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं असतं, 'खुनी डॉक्टर आहे.' एकदा तर खाली दुसऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'नाही, कंपाउंडर.' मी अख्खं पुस्तक या दोघांतलं कोण खरं ते बघायला वाचलं. ई-रीडरवर हा त्रास नाही. पण दुसरा आहे. खाली कोपऱ्यात किती टक्के झालं ते दिसतं. 62 टक्क्यांवर इन्स्पेक्टरनं नोकराच्या हातात बेड्या घातल्या की आपण समजायचं, नोकर बिचारा निर्दोष. कागदाच्या पुस्तकातही उजव्या हाताला जाडी लागते, नाही असं नाही. पण तिथं शेवटाला दोन-चार पानं जाहिरातीची, एवढंच. इथं एका कादंबरीत 88 टक्क्यांवर खुनी कबुली देऊन मोकळा झाला. मी म्हटलं, वा, अजून बारा टक्के आहेत, म्हणजे कबुली खोटी! चहा ठेवून बसले. पुढचे बारा टक्के लेखकाच्या दुसऱ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण निघालं. हे आकडे लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे, मला ती चौथ्या महिन्यात सापडली. नवीन घेणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच लपवावेत.

मागे जाऊन बघणं हा दुसरा मुद्दा. कागदावर आपण एक बोट नकाशाच्या पानावर, एक बोट साक्षीच्या पानावर ठेवून तिसरंच पान वाचत असतो. इथं बोटं ठेवायला जागा नाही. खुणा करता येतात, पण खूण करायची तर आधी कळायला हवं ना की हे महत्त्वाचं आहे! त्याची भरपाई शोधाच्या सोयीनं केली. रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश लेखकानं 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले होते. त्यातला पहिला असा की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला पाहिजे. आता पुस्तक संपलं की मी खुन्याचं नाव शोधात टाकते आणि पहिल्यांदा कुठं आलं ते बघते. तिसऱ्या प्रकरणात, चहाचा ट्रे घेऊन आला असेल, तर लेखकाला नमस्कार. एकाचा खुनी थेट 79 टक्क्यांवर बोटीतून उतरला होता. त्या लेखकाचं पुन्हा काही घेतलं नाही. हा नाद फार वाईट आहे, पण लागलाय.

इथपर्यंत सगळं इंग्रजी पुस्तकांबद्दल होतं हे लक्षात आलं असेल. आता मराठी.

विकत घेतलेली नवी मराठी ई-पुस्तकं ठीक दिसतात. 'ल' आणि 'श' मात्र हिंदी वळणाचे. पहिले काही दिवस प्रत्येक 'ल' डोळ्यात खुपायचा. आता सवय झाली, आणि सवय झाली याचंच वाईट वाटतं. ओळी दोन्ही कडांना सारख्या करायच्या हट्टापायी आपले लांब शब्द आले की मधे बैलगाडी जाईल एवढ्या फटी पडतात. एका भयकथेत बाई मध्यरात्री वाड्याच्या 'पायर्या' उतरत होती. 'ऱ्या'चा तो छोटा कोयता गायब आणि डोक्यावर रफार. एवढी छान अंधारी पायरी, आणि मी तिथं मुद्रितशोधन करत बसलेली. भीती गेलीच. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फायलींचं तर विचारू नका. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारे अक्षरांचे ठरलेले संकेत, यायच्या आधीच्या त्या फाँटमध्ये मराठी अक्षराच्या चित्रामागं संकेत भलत्याच अक्षराचा असतो, त्यामुळं ई-रीडरच्या साच्यात ओतलं की परग्रहावरची भाषा बाहेर पडते. विज्ञानकथेला शोभते, पण वाचता येत नाही.

शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दिसतो ही सोय इंग्रजीसाठी सोन्यासारखी आहे. मराठीसाठी मी एक शब्दकोश शोधून घातला. 'तळघर' विचारलं तर सांगतो. 'तळघरातल्या' विचारलं तर गप्प. आपल्याकडं शब्द प्रत्यय लावूनच घराबाहेर पडतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आणि मुळात पुस्तकंच नाहीत. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती यंत्राविरुद्ध नाहीच. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्यानं हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. मला पाण्यात गेलेल्यांपैकी पाच-सहा तरी पुन्हा पाहिजे होत्या. चार रात्री शोधल्या, एक मिळाली नाही. फुकट ग्रंथसंग्रहात मिळणार नाहीत हे कायद्यानंच ठरलेलं. आपल्याकडं लेखक गेल्यावर पुढची साठ वर्षं हक्क वारसांकडं असतात. बाबूराव गेले 1996 ला, म्हणजे 1 जानेवारी 2057 ला मोकळे. मी ऐंशीची असेन. आणि तेव्हा मोकळ्या होऊन उपयोग काय, स्कॅन करायला प्रत तर कुठंतरी जिवंत पाहिजे. इंग्रजीतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या चौथ्या फळीतल्या लेखकाची भुतं मला एका बोटावर मिळतात, आणि माझ्या वडिलांनी महिन्याला चार आणून वाचलेली पुस्तकं रद्दीवाल्याच्या तराजूत शोधावी लागतात. स्कॅन केलेल्या काही जुन्या मिळाल्या त्या सहा इंचात वाचणं म्हणजे किल्लीच्या भोकातून सिनेमा. आडवं धरून, कडा कापून, एक पान तीन तुकड्यांत वाचते. दहा इंची घ्यायला पाहिजे होता, पण बोनस तेवढा नव्हता.

म्हणून करवीर नगर वाचन मंदिराची वर्गणी बंद केलेली नाही. ही संस्था 1850 सालची; तिच्यापुढं नऊ महिन्यांच्या यंत्रानं काय बोलावं.

सासूबाईंचं सांगितल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही. आई गडहिंग्लजकडच्या, वय अठ्ठ्याहत्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. पोथी सोडून हातात काही धरत नव्हत्या, कारण अक्षर लागत नव्हतं. जानेवारीत एका रात्री मी अक्षर वाढवून वाढवून पानावर जेमतेम आठ ओळी राहतील एवढं मोठं केलं आणि त्यांच्या हातात दिलं. म्हणाल्या, "ही पाटी हाय व्हय? पुसायचं कसं?" मी कडेला बोट लावून दाखवलं. पान 'पुसलं' गेलं, दुसरं आलं. समोर जी गोष्ट उघडी होती ती भुताची होती, बदलायचं माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाटी त्यांच्या उशीखाली. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना मला म्हणाल्या, "त्या विहिरीतल्या बाईचं काय खरं न्हाई बघ." त्यांच्याकडं बायकाही 'मी काम केलो, मी वाचलो' असंच बोलतात. पहिली कादंबरी संपवून त्या सकाळी स्वयंपाकघरात आल्या, पाटी ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "मी वाचलो बाई!" दोन्ही अर्थांनी खरं होतं. तेव्हापासून पाटी रात्री नऊ ते अकरा त्यांच्याकडं असते. त्या अक्षर मोठं करतात, सकाळी एसटीत मी लहान करते. कुठलं पान कुणाचं यावरून दोनदा भांडण झालंय.

बिघाड एकदाच झाला. फेब्रुवारीत पडदा गोठला, नेमकं दार करकरत उघडत असताना. कोल्हापुरात यांचं दुरुस्तीचं ठिकाण नाही. फोन लावला तर पाऊण तास गाणं ऐकवलं, मग एका मुलानं चाळीस सेकंद बटण दाबून धरायला सांगितलं. धरलं. सुरू झालं. ते चाळीस सेकंद ते अर्धवट उघडलेलं दार तसंच समोर होतं. पडद्यातले कण वीज नसताना हलत नाहीत ना! गोष्टीपेक्षा तेच जास्त भीतीदायक होतं.

घ्यावा का? इंग्रजी वाचत असाल तर डोळे मिटून घ्या. घरात कुणाला बारीक अक्षर लागत नसेल तर आजच घ्या. जुनी मराठी रहस्यकथा वाचायला घेणार असाल तर ते पैसे रद्दीवाल्याला द्या आणि त्याचा मोबाईल नंबर ठेवा. कव्हर मात्र घ्याच; आठशे जास्त वाटले होते, पण माझा एकदा एसटीच्या पायरीवरून पडून वाचलाय.

परवा रात्री राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा इशाऱ्याच्या 39 फुटांवर पोचली. धोक्याची 43, म्हणजे वेळ होता, पण शाहूपुरीत कुणी वेळ बघत बसत नाही. नवरा गॅसची टाकी वर चढवत होता, मुलगा गाद्या गुंडाळत होता. मी स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी आणखी आत, भिंतीपर्यंत ढकलली. खालून आईंनी हाक मारली. मला वाटलं औषधाचा डबा विचारतायत.

"पाटी चार्जला लावलीस का गं? लाइट गेल्यावर म्होरं काय झालं ते कळायचं कसं?"