बंपरवरच्या शिट्ट्या: आठ महिन्यांनी काढून टाकल्या

वस्तू दिसायला किरकोळ आहे. अंगठ्याएवढ्या दोन काळ्या प्लास्टिकच्या नळ्या, पुढचं तोंड रुंद, मागचं निमुळतं, खाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी. गाडीच्या बंपरच्या दोन टोकांना त्या लावायच्या. ताशी ५० च्या वर वेग गेला की वारा आत शिरून शिट्टी वाजते. माणसाला ती ऐकू येत नाही, जनावरांना येते, आणि ४०० मीटरवरूनच ती रस्त्यापासून दूर होतात, असं वेष्टणावर लिहिलं आहे. आठ महिने या शिट्ट्या माझ्या गाडीवर होत्या. मागच्या महिन्यात मी त्या काढल्या.

घेताना मी बरेच अभिप्राय वाचले होते. बहुतेकांचं म्हणणं एकच: लावल्यापासून एकही जनावर आडवं आलं नाही. तेव्हा मला ते पुरेसं वाटलं. आज वाटत नाही, कारण शिट्ट्या लावण्याआधी सहा वर्षं मी त्याच रस्त्याने जात होते आणि त्या सहा वर्षांतही कोणी आडवं आलं नव्हतं. आलं ते एकदाच.

मी रुग्णालयात रात्रपाळी करते. घरचा रस्ता २६ किलोमीटरचा, त्यातल्या मधल्या ११ किलोमीटरला दोन्ही बाजूंनी दाट झाडी. त्या पहाटे वेग ७५ च्या आसपास होता आणि अजून फटफटलं नव्हतं. डावीकडच्या झुडपातून काहीतरी काळं, बुटकं दिव्यांच्या झोताच्या कडेला आलं आणि ब्रेकवर पाय पडायच्या आत धडक बसली. दगडावर आदळावं तसा आवाज. रेडिएटर फुटला, बॉनेटखालून वाफ यायला लागली. ते रानडुक्कर होतं. पुढचे पाय टेकत टेकत ते रस्त्याच्या कडेपर्यंत सरकलं आणि तिथे सात-आठ मिनिटं धापा टाकत राहिलं. जखमी डुक्कर अंगावर धावून येऊ शकतं, म्हणून जवळ जाता येईना. चारही इंडिकेटर लावून मी गाडीपासून लांब, कठड्याच्या पलीकडे उभी राहिले आणि फोनवर मदत मागत राहिले. रोज माणसांच्या उशाशी उभी राहणारी मी, त्या जीवासाठी मला काहीसुद्धा करता आलं नाही. मदत पोचली तेव्हा ते गेलेलं होतं.

मला त्याचे डोळे दिसलेच नव्हते, आणि हे मला फार दिवस टोचत राहिलं. माझं लक्ष नव्हतं का? नंतर एका पशुवैद्य मैत्रिणीने समजावलं. हरीण, मांजर, कुत्रा, गाय यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, म्हणून दिव्यांत त्यांचे डोळे चकाकतात आणि आपल्याला लांबून दोन ठिपके दिसतात. डुकराच्या डोळ्यात तो थर नसतो. अंधारात काळ्या अंगाचं, चकाकी नसलेल्या डोळ्यांचं जनावर. आपण नकळत त्या ठिपक्यांवरच विसंबून गाडी चालवत असतो, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

गाडी दुरुस्त होऊन आली त्याच आठवड्यात मी शिट्ट्या मागवल्या. दोन जोड्या. एक माझ्यासाठी, एक धाकट्या भावासाठी, कारण तोही त्याच भागात राहतो. त्याच्या गाडीवर मी स्वतःच्या हाताने लावून दिल्या आणि म्हणाले, आता निर्धास्त चालव. हे वाक्य मी का सांगते आहे ते पुढे येईल.

वस्तू म्हणून जे चांगलं आहे ते आधी. लावायला पाच मिनिटं लागतात. बंपर कोरडा पुसून घेतला तर पट्टी घट्ट बसते. भर पावसात, गाडी धुताना, एकदाही ती सुटली नाही. प्लास्टिक उन्हाने तडकलं नाही. तक्रार एकच: तोंड उघडं असल्यामुळे आत चिखल आणि किडे भरतात. तिसऱ्या महिन्यात डावी शिट्टी काढून पाहिली तर कुंभारमाशीने आत मातीचं घर करून भोक पूर्ण लिंपलेलं. म्हणजे कितीतरी दिवस मी एकाच शिट्टीवर चालवत होते आणि मला पत्ताही नव्हता. आवाजच आपल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर ती वाजते आहे की बंद पडली आहे, हे चालवणाऱ्याला कळायची सोयच नाही.

तिथून मला शंका यायला लागली. भाऊ आणि मी मिळून एक सुट्टीची सकाळ काढली. मोकळा, सरळ, वर्दळ नसलेला रस्ता. मी त्याच्या कुत्र्याला पट्टा लावून रस्त्यापासून बरंच आत, कुंपणाच्या मागे उभी राहिले. भाऊ लांबून ६० च्या वेगाने गाडी घेऊन यायचा. चार फेऱ्या शिट्ट्या उघड्या ठेवून, दोन फेऱ्या तोंडाला चिकटपट्टी लावून. प्रत्येक वेळी कुत्र्याचे कान ताठ झाले ते ती गाडी एका ठरावीक झाडाजवळ आल्यावर, आणि साधारण त्याच क्षणी टायरची घरघर मलाही ऐकू यायला लागायची. उघड्या आणि बंद शिट्ट्यांत तसूभर फरक नाही. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. त्याला ४०० मीटर सोडा, शंभर मीटरवरूनही त्या शिट्टीचं काही वाटलं नाही. सहा फेऱ्या म्हणजे काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, हे मला मान्य आहे. पण त्यानंतर मी वाचायला लागले.

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर याच प्रश्नाचा अभ्यास केला आहे. आवाज किती उंच पट्टीचा आहे ते किलोहर्ट्झमध्ये मोजतात. त्या हरणांना साधारण ०.२५ ते ३० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, पण सर्वांत स्पष्ट ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. माझ्या शिट्टीच्या वेष्टणावर १६ ते २० किलोहर्ट्झ असं छापलेलं आहे, म्हणजे हरणाच्या कानाचा जो भाग सर्वांत जागा असतो त्याच्या बाहेर. २००९ मध्ये त्यांचं आणखी एक काम प्रसिद्ध झालं. त्यात चालत्या गाडीवर यंत्र बसवून ०.२८ पासून २८ किलोहर्ट्झपर्यंतचे पाच वेगवेगळे आवाज हरणांना ऐकवले. धडक टळेल असं वागणं एकाही आवाजाने घडलं नाही.

मला याहून महत्त्वाचं वाटलं ते असं. समजा, आवाज पोचला. मग? त्या हरणाने काय करावं? या आवाजाचा अर्थ धोका, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. ते दचकून पळालं तरी पळणार कुठे? कळप पलीकडच्या बाजूला असेल तर ते थेट रस्त्यावरच येईल. आणि इतका बारीक, उंच पट्टीचा आवाज हवेत फार लवकर विरतो. त्यात इंजिन, वारा आणि टायर यांचा गोंगाट. वेष्टणावरचे ४०० मीटर कुठून आले, ते वेष्टणावर लिहिलेलं नाही. ज्या विक्रेत्याकडून घेतल्या त्याला मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर म्हणून वेष्टणावरचाच मजकूर परत आला.

तरीही मी त्या लगेच काढल्या नाहीत. असू देत, नुकसान तर नाही ना, असं म्हणत राहिले. नुकसान होतं. कुठे होतं ते सातव्या महिन्यात कळलं.

पुन्हा पहाट, पुन्हा तोच झाडीचा पट्टा. हरणं आणि त्यांच्यासारखे बरेच प्राणी पहाटे आणि संध्याकाळी जास्त हिंडतात, नेमक्या माझ्या येण्याजाण्याच्या वेळा. धुकं होतं म्हणून मी ५५ वर होते. अप्परच्या उजेडात दोन ठिपके चकाकले, मग अख्खं हरीण दिसलं, रस्त्याच्या मधोमध, माझ्याकडे तोंड करून. शिट्ट्या स्वच्छ होत्या, आदल्याच दिवशी मी त्यांची भोकं काडीने साफ केली होती. ते हललं नाही. मी पूर्ण ब्रेक दाबला, स्टिअरिंग सरळ धरलं, आणि गाडी त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. अप्परचा डिपर केला तेव्हा कुठे ते हललं. मंद उजेडाला सरावलेले डोळे दिव्यांनी दिपतात आणि प्राणी जागीच खिळतो, हे मला ऐकून माहीत होतं, आता समोर दिसलं. ते गेलं, मी गिअर टाकणार इतक्यात मागून दुसरं आलं, आणि त्याच्या मागे पाडस.

थांबल्यावर मी स्वतःला विचारलं की धुकं नसतं तर आपण किती वेगात असतो. खरं उत्तर होतं, ७०. शिट्ट्या लावल्यापासून माझा वेग हळूहळू पुन्हा वर गेला होता. डुकराच्या अपघातानंतर मी ५० च्या वर जायला घाबरत होते आणि ती भीती योग्य होती. शिट्ट्यांनी ती घालवली. मी भावाला म्हटलेलं ते वाक्य मला तिथेच आठवलं.

घरी येऊन कागदावर गणित मांडलं. ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसणं, कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात दीड सेकंद गेला तर ३३ मीटर तिथेच संपले. मग कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असले तरी आणखी ३५ मीटर. म्हणजे सत्तरच्या आसपास. डिपरचा उपयोगी उजेड बहुतेक गाड्यांत ४० ते ६० मीटर पडतो. म्हणजे डिपरवर ८० ने चालवणारा, दिसेल त्यावर थांबूच शकत नाही. ५० च्या वेगाला हेच अंतर ३५ मीटरच्या आसपास येतं. शिट्टीच्या वेष्टणावर हे छापलं असतं तर मी त्या वस्तूला पाच तारे दिले असते.

आता मी काय करते, तेही सांगते, कारण नुसतं ‘घेऊ नका’ म्हणून भागत नाही. गॅरेजमध्ये दिव्यांचा कोन तपासून घेतला. डावा दिवा बराच खाली बघत होता, म्हणजे डुक्कर ज्या बाजूने आलं त्याच बाजूला उजेड कमी पडत होता. हे अपघाताच्या आधीपासून होतं की दुरुस्तीत झालं, देव जाणे. काच आतून-बाहेरून पुसते. आतली काच आपण विसरतो आणि समोरच्या गाडीचा झोत तिथेच पसरतो. झाडीच्या पट्ट्यात ५०, कितीही झोप आलेली असो. समोरून कोणी नसेल तेव्हा अप्पर, काही दिसलं की वेग कमी आणि डिपर. एक दिसलं की दुसऱ्याची वाट बघते.

आणि स्टिअरिंग फिरवत नाही. हे सर्वांत कठीण आहे, कारण हात आपोआप वळतात. पण जनावर चुकवताना गाडी समोरच्या गाडीवर किंवा झाडावर गेली तर माणूस जातो. स्वीडनमध्ये मूस नावाचं उंच, अवजड हरीण रस्त्यावर आडवं येतं, आणि ते चुकवण्यासाठी अचानक वळवल्यावर गाडी तोल सांभाळते का, याची तिथे वेगळी चाचणीच आहे. १९९७ मध्ये तिथल्या एका वाहनविषयक मासिकाने एक कोरी नवी गाडी त्या चाचणीत घातली आणि ती चक्क उलटली. तेही सरावलेला चालक, कोरडा रस्ता आणि वळायचंच आहे हे आधीच माहीत असताना.

जनावरांना रस्त्यापासून खरोखर दूर ठेवता येतं, पण ते एखाद्या नळीचं काम नाही. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गाला दोन्ही बाजूंनी उंच कुंपण घातलं आणि प्राण्यांसाठी खालून भुयारं आणि वरून झाडं लावलेले पूल बांधले. तिथल्या धडका ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. अस्वलं आणि हरणं ते पूल वापरतात. हे वाचून मला खूप बरं वाटलं, खरंच.

सायकलवाल्यांसाठी एक. भावाने उत्साहाच्या भरात त्याच दोन शिट्ट्यांपैकी एक सायकलच्या हँडलला लावून पाहिली. ती वाजायला लागणारा ५० चा वेग सायकलला मिळतोय कुठे! आणि सायकलची मुख्य अडचण वेगळीच, ती आवाज करत नाही. दोन वर्षांपूर्वी एक कुत्रं दुसऱ्या कुत्र्याच्या मागे लागून थेट त्याच्या पुढच्या चाकात आलं. भाऊ हँडलवरून पुढे फेकला गेला, गळपट्टीचं हाड मोडलं, हेल्मेटला चीर गेली, डोकं वाचलं. कुत्रं लंगडत पळालं, पुढे कित्येक दिवस तो ते रस्त्यावर दिसतंय का बघत होता. लांबून घंटी वाजवणं, जनावर दिसलं की मोठ्याने बोलणं, दोन्ही ब्रेकवर बोटं तयार ठेवणं, एवढंच तो आता करतो. चीर गेलेलं हेल्मेट मात्र त्याला फेकायचं नव्हतं, वरून बरं दिसतं म्हणून. आतला फोम एकदा दबला की पुन्हा धक्का झेलत नाही, हे पटवायला मला आठवडा लागला.

माझ्या शिट्ट्या निघाल्या, बंपरवर पट्टीचा चिकट डाग राहिला आहे, तो थोडं तेल लावून जातोय. एक तारा देते, पट्टी चांगली आहे म्हणून. भावाच्या गाडीवरच्या अजून तशाच आहेत. रविवारी जाऊन त्या मीच काढणार आहे.