आंदोरा की लिश्टनस्टाइन? आधी त्यांची सीमा समजून घ्या

बार्सिलोनाहून बसने आंदोराला जायला साधारण तीन तास लागतात. जाताना सहसा कुणी काही विचारत नाही, खरी तपासणी परतताना होते. स्पेनच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते, डिकी उघडायला लावतात, सिगारेटची पाकिटं मोजतात. माणशी ३०० सिगारेट आणि कडक दारू दीड लिटर, त्याच्यावर कर भरा. आमच्या ओळखीच्या एका ठाण्याच्या कुटुंबाला मात्र तिथे सिगारेटसाठी नाही, व्हिसासाठी थांबवलं. "एवढासा देश, तिथे कोण बघतंय" असं त्यांच्या एजंटने सांगितलं होतं आणि पासपोर्टवर शेंगेन व्हिसा होता एकाच प्रवेशाचा. शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमेवर पासपोर्ट न तपासणारे, एकाच व्हिसावर चालणारे युरोपातले देश; एकदा त्यातून बाहेर पडलं की एका प्रवेशाचा व्हिसा संपतो, आणि आंदोरा शेंगेनच्या बाहेर आहे. तासाभराने सोडलं, पण त्या तासात आईवडिलांचं काय झालं असेल याची कल्पना करा. पुढच्या फ्लाइटचं तिकीट हातात, आणि ज्या युरोपात परतायचं त्याचा व्हिसा कागदोपत्री संपलेला.

म्हणूनच युरोपच्या सहलीत "एक छोटा देशही करू या" असं ठरवणाऱ्यांसाठी, आणि तिकडे नोकरीचा विचार करणाऱ्यांसाठीही, हे लिहितेय.

वरवर पाहता दोन्ही देश सारखेच. दोन्ही डोंगरात, दोन्हीकडे राजपद, दोन्हीकडे विमानतळ नाही, सैन्य नाही. आंदोरा ४६८ चौरस किलोमीटरचा, फ्रान्स आणि स्पेनच्या मधे. त्याचे राजे दोन: स्पेनमधल्या उर्गेलचे बिशप आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष. लिश्टनस्टाइन अवघा १६० चौरस किलोमीटरचा, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधे. युरोपियन युनियनचा सदस्य दोघांपैकी एकही नाही. पण युनियनशी कोणत्या कागदावर सही केली, यात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि तुमच्या खिशातल्या पासपोर्टला फरक पडतो तो त्यानेच.

लिश्टनस्टाइन १९ डिसेंबर २०११ पासून शेंगेनमध्ये आहे. म्हणजे झुरिकहून निघालात, झारगान्सला किंवा बुक्सला उतरून बस पकडलीत आणि राजधानी फाडुझला पोहोचलात, तर मधे आंतरराष्ट्रीय सीमा लागली हे कळतही नाही. मला विचाराल तर बसपेक्षा पायी जा. स्वित्झर्लंडच्या सेवेलेन गावाकडून ऱ्हाइन नदीवर १९०१ सालचा लाकडी, छप्पर असलेला पूल आहे, १३५ मीटर लांबीचा. आत सावली असते, फळ्यांवर पावलं वाजतात, फटीतून खाली पाणी दिसतं. पुलाच्या साधारण मध्यावर देश बदलतो. ना चौकी, ना शिपाई. साधा एकाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी चालतं, कारण तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलेलेच नसता.

पण ऑस्ट्रियाच्या बाजूला शानवाल्डला गेलात की नाका दिसतो, आणि तिथे गणवेशात असतात स्वित्झर्लंडचे अधिकारी! कारण १९२३ च्या करारापासून लिश्टनस्टाइन स्वित्झर्लंडच्या जकात क्षेत्रात आहे, चलनही स्विस फ्रँकच. ऑस्ट्रिया युनियनच्या जकातीत. त्यामुळे माणसं मोकळी, माल तपासायचा.

आंदोराचं याच्या उलट. १९९१ पासून औद्योगिक मालासाठी युनियनशी त्याचा जकात संघ आहे, म्हणजे आपसातल्या मालावर आयातकर नाही; २०११ च्या करारानंतर युरो हे अधिकृत चलन आहे, पण शेंगेनमध्ये तो नाही. माल युनियनच्या जवळ, माणूस बाहेर. नाक्यावर डिक्या उघडतात त्या मुख्यतः करातल्या फरकामुळे. तिथे विक्रीवरचा कर साधारण ४.५ टक्के, तंबाखू आणि मद्य स्वस्त, शिवाय शेतमाल त्या जकात संघात येत नाही. आंदोरा स्वतःचा पर्यटक व्हिसा मागत नाही, हे खरं. पण तिथे जायचा रस्ता स्पेनमधून किंवा फ्रान्समधून, आणि परतही त्यांच्याच दारातून यायचं. म्हणून भारतीय पासपोर्टवर किमान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवाच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युनियनच्या बाह्य सीमांवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची डिजिटल नोंद सुरू झाली. "शिक्का कुठे मारतात" हा जुना दिलासा आता धरून चालू नका. याच विषयावर, सीमेच्या व्यवस्थापनावर, आंदोरा आणि सान मारिनोला युनियनशी वेगळी बोलणी करावी लागली.

सान मारिनो इटलीच्या पोटात आहे, सीमेवर तपासणीच नाही. मोनॅकोत फ्रान्सचीच जकात व्यवस्था आहे आणि प्रवाशाला तो शेंगेनसारखाच. या दोघांसाठी वेगळा व्हिसा-विचार करायची गरज नाही.

आता नोकरीचं. इथे मला लिश्टनस्टाइनबद्दल मनापासून आदर वाटतो, आणि का ते सांगते. ६ डिसेंबर १९९२ ला स्वित्झर्लंडच्या मतदारांनी युरोपीय आर्थिक क्षेत्रात, म्हणजे सदस्य न होता युनियनच्या सामायिक बाजारात, जायला नकार दिला. जवळपास सत्तर वर्षं ज्या शेजाऱ्याच्या आसऱ्याने हा देश चालला, त्याने नाही म्हटलं होतं. आठवडाभरात लिश्टनस्टाइनने स्वतःचं मतदान घेतलं आणि ५५.८ टक्के लोकांनी होकार दिला. मग स्वित्झर्लंडशी पुन्हा बोलून जकातीची घडी बसवली, १९९५ मध्ये दुसऱ्यांदा मत घेतलं आणि १ मे १९९५ ला आत गेले. पण जाताना एक कुलूप सोबत नेलं: राहण्याचे परवाने मोजकेच. आर्थिक क्षेत्रातल्या नागरिकांना वर्षाला ५६ कामासाठी आणि १६ बिनकामाच्या वास्तव्यासाठी, आणि त्यातले निम्मे चक्क सोडतीने. चाळीसेक हजारांच्या देशाने दार उघडलं, पण घर भरून जाऊ दिलं नाही.

गोव्यातल्या ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्यांना या सोडतीत अर्ज करता येतो. पण त्यावर भिस्त ठेवू नका. तिथले निम्म्याहून जास्त कामगार रोज शेजारून येतात. ऑस्ट्रियातल्या फेल्डकिर्खला घर आणि लिश्टनस्टाइनमध्ये नोकरी, हा जास्त खात्रीचा मार्ग. निव्वळ भारतीय पासपोर्टवर मात्र इथे नोकरी मिळवणं फार अवघड आहे.

आंदोरात परवाना कोट्यातला, नोकरी देणारा हातात असेल तर मिळतो, स्कीच्या हंगामासाठी हंगामी परवानेही असतात. पोर्तुगीज वस्ती मोठी आहे, गोवेकराला ओळखीची भाषा कानावर पडेल. आयकर जास्तीत जास्त १० टक्के. पण नागरिकत्वासाठी साधारण वीस वर्षांचं वास्तव्य लागतं आणि दुहेरी नागरिकत्व चालत नाही. शिवाय व्यवस्था अजून बदलतेय. आंदोरा, सान मारिनो आणि मोनॅको या तिघांची युनियनशी सहयोग कराराची बोलणी २०१५ ला सुरू झाली. मोनॅको सप्टेंबर २०२३ मध्ये बाजूला झाला, आंदोरा आणि सान मारिनोने डिसेंबर २०२३ मध्ये ती पूर्ण केली. आंदोराच्या सरकारने जनमत घेण्याचा शब्द दिला आहे. करार लागू झाला तर युनियनच्या नागरिकांना तिथे राहणं-काम करणं सोपं होईल, तेही मर्यादा घालूनच. शेंगेनचा प्रश्न मात्र त्याने आपोआप सुटणार नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच युरोपला निघालेल्या कुटुंबाने, तेही सोबत म्हातारी माणसं असतील तर, लिश्टनस्टाइन करावं. स्वित्झर्लंडच्या सहलीतला एक दिवस पुरतो. आंदोरा त्यांनी करावा, ज्यांना पिरेनीजच्या डोंगरात दोन-तीन दिवस खरंच राहायचं आहे. मग अर्ज भरतानाच प्रवेशांच्या रकान्यात एकाहून जास्त लिहा, आंदोराच्या हॉटेलचं बुकिंग आणि परतीचा मार्ग सोबत जोडा, आणि व्हिसा हातात आल्यावर "प्रवेश" समोरचा आकडा स्वतः वाचा, एजंटवर सोडू नका.