इंजिनाची शक्ती अचानक घटली तर: होमबिल्ट विमानासाठी कार्ब्युरेटर की इंजेक्शन, मॅग्नेटो की इलेक्ट्रॉनिक इग्निशन?

होमबिल्ट, म्हणजे हौशी व्यक्तीने स्वतः बांधलेल्या, विमानासाठी इंजिन निवडताना अश्वशक्ती, वजन आणि किंमत यांची तुलना प्रत्येक जण करतो. उड्डाणात शक्ती अचानक घटली तर कोणत्या रचनेत ती किती घटेल, त्या क्षणी वैमानिकाच्या हातात काय उरेल आणि उतरल्यावर कारण कितपत सापडेल, ही तुलना मात्र बहुधा असा प्रसंग घडून गेल्यावरच सुरू होते. प्रस्तुत आढावा केवळ या तीन प्रश्नांपुरता असून त्यात पेट्रोलवर चालणारी चार-स्ट्रोक पिस्टन इंजिने गृहीत धरली आहेत. कार्ब्युरेटर हवेच्या ओढीने इंधन हवेत मिसळतो, इंजेक्शन ते दाबाने फवारते आणि इग्निशन हे मिश्रण पेटवणारी ठिणगी देते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने हौशी बांधणीच्या विमानांवरील अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. शक्तियंत्रणेतील बिघाड आणि उड्डाणात नियंत्रण सुटणे हे दोन प्रकार इतर सर्व प्रकारांच्या खूप पुढे आहेत आणि सांगाडा मोडण्याच्या घटना तुलनेने विरळ आहेत, असे त्यात दिसून आले. इंधन यंत्रणेची प्रत्यक्ष चाचणी बंधनकारक करावी, अशी शिफारसही त्याच अभ्यासात होती. ही शिफारस मला फार बोलकी वाटते, कारण इंजिन कारखान्यातून तपासून आलेले असते, पण टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी, व्हेंट (टाकीत हवा येऊ देणारा मार्ग), गाळणी, व्हॉल्व्ह आणि वायरिंग हे सर्व बांधणाऱ्याने स्वतः जोडलेले असते. म्हणून कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवण्याचा विचार करण्यापूर्वी, दोन्ही रचनांना सारख्याच लागणाऱ्या या भागाकडे पाहणे भाग आहे.

दोन्ही रचनांचा सामाईक भाग

इंधनप्रवाहाची चाचणी करताना विमानाचे नाक अपेक्षित सर्वांत तीव्र चढाईच्या कोनापेक्षा सुमारे ५ अंश अधिक वर उचलतात, टाकीत कमीत कमी इंधन ठेवतात आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी नळी सोडवून ठरावीक वेळात किती इंधन भांड्यात जमते ते मोजतात. गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या यंत्रणेत हा प्रवाह पूर्ण शक्तीच्या गरजेच्या १५० टक्के आणि पंपाच्या यंत्रणेत १२५ टक्के असावा, असा प्रस्थापित दंडक आहे. दर अश्वशक्तीला तासाला ०.५५ पौंड इंधन धरले, तर १०० अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला साधारण ३५ लिटर लागते. म्हणजे वरच्या पंखातून आपोआप उतरणाऱ्या इंधनासाठी सुमारे ५२ लिटर आणि पंपासाठी सुमारे ४३ लिटर प्रवाह मिळाला पाहिजे. पंपाच्या यंत्रणेत प्रवाहाबरोबर दाबही पाहावा, कारण उघड्या तोंडाच्या नळीतून भरपूर वाहणारे इंधन कार्ब्युरेटरच्या सुई-व्हॉल्व्हपाशी पुरेशा दाबाने पोहोचेलच असे नाही.

धावपट्टीवर सुरळीत चालणारे इंजिन चढाईत दोनतीन मिनिटांनी दम सोडत असेल, तर संशयाचा पहिला रोख व्हेंटवर ठेवावा. कीटकांच्या घरट्याने व्हेंट बुजले की टाकीत निर्वात तयार होत जातो आणि प्रवाह हळूहळू आटतो. उतरल्यानंतर झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज आला, तर कारण जवळजवळ हाती लागलेच. पण बहुतेक जण आधी काउलिंग (इंजिनावरचे आवरण) उघडतात आणि तोवर कोणीतरी इंधन मोजण्यासाठी झाकण काढून तो पुरावा घालवलेला असतो. फायबरच्या टाकीतील घासकामाची भुकटी, जुन्या टाकीच्या आतील लेपाचे सुटलेले पापुद्रे, आट्यांवर गुंडाळलेल्या टेपचे तुकडे हा दुसरा गट. हे कण प्रवाहाबरोबर गाळणीवर जाऊन चिकटतात आणि इंजिन बंद झाले की खाली बसतात, त्यामुळे नंतर सर्व काही ठीक दिसते.

टाकी बदलण्याच्या सिलेक्टरची जागा हा तपासाइतकाच जीव वाचण्याचाही प्रश्न आहे. गायक जॉन डेन्व्हर यांचा १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ लाँग-ईझी या होमबिल्ट विमानाच्या अपघातात मृत्यू झाला. त्या विमानाच्या बांधणाऱ्याने हा सिलेक्टर व्हॉल्व्ह मूळ आराखड्यातील जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता आणि तो फिरवण्याच्या खटपटीत नियंत्रण सुटले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. कोणतेही इंजिन निवडले तरी पट्टे आवळून बसलेल्या अवस्थेत, मान न वळवता सिलेक्टर फिरवता आला पाहिजे.

कार्ब्युरेटर, यांत्रिक इंजेक्शन, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन

फ्लोट (इंधनाची पातळी राखणारा तरंगता भाग) असलेल्या कार्ब्युरेटरचा मोठा गुण म्हणजे त्याला फार थोडा दाब पुरतो. लायकमिंग या उत्पादकाच्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांत ही मर्यादा साधारण ०.५ ते ८ पौंड प्रति चौरस इंच असते, त्यामुळे वरच्या पंखाच्या विमानात पंपाशिवायही काम भागते आणि बिघडण्यासारखा एक भाग मुळातच कमी होतो. त्याचा मोठा दोष म्हणजे बर्फ. इंधनाची वाफ होताना आणि व्हेंच्युरीत (कार्ब्युरेटरमधील हवेच्या अरुंद मार्गात) हवेचा दाब घटताना तापमान ३० अंश सेल्सिअसहून अधिक उतरू शकते. म्हणून बाहेर २१ अंशांच्या खाली आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना धोका सर्वाधिक असला, तरी ३८ अंशांच्या हवेत आणि ५० टक्के आर्द्रतेतही बर्फ धरल्याच्या नोंदी आहेत. लायकमिंगमध्ये कार्ब्युरेटर गरम ऑइल सम्पला (तेल साठवणाऱ्या भांड्याला) जोडलेला असल्याने त्याला थोडी ऊब मिळते, तर कॉन्टिनेंटल ओ-२०० सारख्या इंजिनांत ती मिळत नाही. निदानाच्या दृष्टीने बर्फ हा सर्वांत लबाड दोषी आहे, कारण विमान उतरेपर्यंत तो वितळून गेलेला असतो. त्याची खूण उड्डाणातच पाहावी लागते: कार्ब्युरेटरला एक्झॉस्टवर तापवलेली गरम हवा सुरू केल्यावर इंजिन आधी अधिकच खडखडते आणि मग सावरते. त्या खडखडाटाला घाबरून गरम हवा लगेच बंद करणे ही नेमकी उलटी कृती ठरते, आणि शक्ती बरीच घटल्यावर एक्झॉस्टच थंड पडत असल्याने उशीर झाला तर उष्णताही पुरत नाही.

रोटॅक्स ९१२ या इंजिनाच्या कार्ब्युरेटरच्या प्रकारांत दोन कार्ब्युरेटर असतात, आणि तेथे शक्ती घटण्याचे चित्र वेगळे दिसते. एका बाजूचे फ्लोट इंधन शोषून जड झाले की ती बाजू इंधनाने भरून वाहते, इंजिन जोराने थरथरते, पण सहसा पूर्ण बंद पडत नाही. हा दोष नंतर सापडतो, ही त्यातली जमेची बाजू. एका कार्ब्युरेटरमधील फ्लोटच्या जोडीचे वजन ७ ग्रॅमपेक्षा अधिक भरले, तर ती बदलायची असते.

यांत्रिक इंजेक्शनमध्ये, म्हणजे बेंडिक्स आरएसए धर्तीच्या यंत्रणेत, कार्ब्युरेटरच्या अर्थाने बर्फाचा प्रश्न राहत नाही आणि चालू इंजिनाला विजेचीही गरज पडत नाही. मात्र दाब १४ ते ४५ पौंड प्रति चौरस इंच इतका लागतो आणि नोझलचे छिद्र सुमारे ०.७ मिलिमीटरचे असते, म्हणजे जो कण कार्ब्युरेटरमधून बिनबोभाट निघून गेला असता तो येथे एक सिलिंडर थंड पाडतो. येथे एक फसवी गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक जुन्या यंत्रणांत इंधनप्रवाहाचा काटा प्रत्यक्षात दाबच मोजतो, त्यामुळे नोझल बुजले की प्रवाह घटलेला असतानाही काटा वाढ दाखवतो. नोझल काढून प्रत्येकाखाली सारख्या बाटल्या लावाव्यात आणि बूस्ट पंप (विजेचा साहाय्यक पंप) चालवून पातळी ताडून पाहावी. हा तपास स्वस्त, झटपट आणि निर्णायक असतो. माझ्या मते, चूक शोधण्याच्या सोयीत ही रचना तिघींमध्ये सरस ठरते.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन शक्ती आणि बचत या दोन्हींत आकर्षक असले, तरी त्याचे अपयश बहुधा अर्धवट नसते. दाब साधारण ३ बार ठेवणारा विजेचा पंप थांबला किंवा इंजेक्शन चालवणाऱ्या संगणकाची वीज तुटली, तर इंजिन तत्काळ बंद होते. उरलेले इंधन टाकीकडे परत नेणारी नळीही बांधणाऱ्यालाच टाकावी लागते, आणि ते ज्या टाकीतून आले तिच्यातच परत गेले नाही तर एक टाकी नकळत रिकामी होते. २०१२ मध्ये आलेल्या रोटॅक्स ९१२ आयएसमध्ये दोन स्वतंत्र संगणकीय मार्ग, दोन पंप आणि दोन जनरेटर आहेत, ते याच कारणासाठी. मोटारीचे इंजिन रूपांतरित करणारा बांधणारा एकच संगणक आणि एकच अर्थ-जोडणी ठेवत असेल, तर त्याने ही तुलना येथेच थांबवून आधी विजेचा आराखडा पुन्हा काढावा.

पेट्रोलच्या वाफेने प्रवाह तुटण्याचा धोका तिन्ही रचनांना आहे, पण सारखा नाही. खालच्या पंखातून इंधन ओढून वर आणावे लागते तेथे तो वाढतो, कारण ओढीमुळे नळीतील दाब आणखी घटतो. अॅव्हगॅसचा बाष्पदाब ३८ ते ४९ किलोपास्कलच्या मर्यादेत ठेवलेला असतो, तर मोटारीचे पेट्रोल ऋतुमानाप्रमाणे बदलते आणि थंडीच्या हंगामासाठी बनवलेले पेट्रोल बरेच अधिक बाष्पशील असते. विजेचा पंप टाकीच्या पातळीला किंवा त्याखाली बसवणे, हा कोणतेही इंजेक्शन निवडण्याआधीचा निर्णय आहे.

इग्निशनची निवड

मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो, त्यामुळे बॅटरी संपली तरी तो चालतो. त्याचा खोडकर दोष म्हणजे तापल्यावर कॉइलमधील तुटलेली तार अलग होणे आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळणे. म्हणून मॅग्नेटोची तपासणी गरम इंजिनावरच करावी. लायकमिंगसाठी एका मॅग्नेटोवर मिनिटाला १७५ पर्यंत फेरे घटणे आणि दोन्हींच्या घटीत ५० पेक्षा अधिक फरक नसणे, ही मर्यादा आहे. मॅग्नेटो बंद करणारी तार कुठे घासून जमिनीला लागत असेल, तर उत्तम मॅग्नेटोही मुका होतो. ती तार सोडवून तपासताना मॅग्नेटो जिवंतच राहतो आणि प्रोपेलर हाताने किंचित हलवला तरी इंजिन पेटू शकते, हे विसरू नये.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये झिजणारे भाग कमी असतात आणि ठिणगीची वेळ अधिक नेमकी साधते, पण त्यातील अनेक प्रकार विमानाच्या विजेवरच अवलंबून असतात. दोन्ही इग्निशन एकाच बसवरून (वीज वाटणाऱ्या सामाईक पट्टीवरून) घेतले, तर संख्येने दोन असूनही ते एकच ठरतात. रोटॅक्स ९१२ च्या कार्ब्युरेटरच्या प्रकारांत इग्निशनला स्वतःची चार्जिंग कॉइल असते आणि बॅटरीची गरज पडत नाही. स्वतः यंत्रणा जुळवणाऱ्यासाठी एक मॅग्नेटो आणि एक इलेक्ट्रॉनिक, ही जोडी मला अजूनही सर्वांत समंजस वाटते: दोघांची मरण्याची कारणे वेगळी आहेत.

कोणती नोंद काय सांगते

प्रत्येक सिलिंडरचे एक्झॉस्ट तापमान, इंधनदाब आणि प्रवाह नोंदवणारा इंजिन मॉनिटर असेल, तर वरील बरेचसे तर्क टळतात. सर्व सिलिंडरचे तापमान आधी चढून मग कोसळले, तर इंधन कमी पडले. सुरुवातीपासूनच खाली आले आणि धूर काळा होता, तर इंधन अधिक झाले. सर्वांचे तापमान चढून तेथेच राहिले आणि शक्ती थोडीच घटली, तर दोनपैकी एक इग्निशन गेले, कारण एकाच ठिणगीने ज्वलन लांबते. एकच सिलिंडर थंड पडला, तर नोझल किंवा अडकलेला व्हॉल्व्ह पाहावा. नोंदीचा अवधी सेकंदाला एक ठेवावा. अधिक लांब अवधीत नेमका तोच क्षण दोन नोंदींच्या मधे हरवतो.

कोणी काय निवडावे

वरच्या पंखाचे, मंद गतीचे विमान बांधणाऱ्याने गुरुत्वाकर्षण, कार्ब्युरेटर आणि स्वयंपूर्ण इग्निशन यांपासून सहसा ढळू नये. त्याने कार्ब्युरेटरचे तापमान दाखवणारा काटा तेवढा जोडावा. खालच्या पंखाचे वेगवान विमान असेल, गाळणीची शिस्त पाळण्याची तयारी असेल, तर यांत्रिक इंजेक्शन घ्यावे. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन त्याने घ्यावे ज्याला विजेचा आराखडा स्वतः वाचता येतो, ज्याने दोन स्वतंत्र वीजमार्ग प्रत्यक्ष तोडून पाहिले आहेत आणि जो प्रत्येक जोडणीचे क्रिम्पिंग (तारेचे टोक दाबून घट्ट बसवणे) योग्य हत्याराने करतो.

ज्याच्या विमानात असा प्रसंग घडून गेला आहे आणि म्हणून जो रचनाच बदलू पाहतो आहे, त्याचा प्रश्न वेगळा आहे. कारण सापडण्याआधी कार्ब्युरेटर काढला, तर व्हेंट, नळी आणि सिलेक्टर जुनेच राहतात आणि दोष नव्या यंत्रणेत पाहुणा म्हणून येतो. त्याने उतरल्यावर सिलेक्टर आणि स्विच जसे होते तसेच ठेवून छायाचित्र घ्यावे, झाकण उघडताना कान द्यावा, गॅस्कोलेटरमधील (पाणी आणि गाळ साचवणाऱ्या गाळणीतील) नमुना स्वच्छ बरणीत काढावा आणि त्यानंतरच काउलिंग उघडावे. जमिनीवर आडव्या स्थितीत इंजिन सुरळीत चालले, यावरून काहीच सिद्ध होत नाही. विमान घट्ट बांधून, नाक चढाईच्या कोनात ठेवून, ज्या टाकीवर आणि जेवढ्या इंधनावर प्रसंग घडला त्याच स्थितीत, काउलिंग लावून, तापमानाच्या मर्यादा सांभाळत इंजिन चढाईला लागते तेवढा वेळ पूर्ण शक्तीवर चालवावे. तरीही काही आढळले नाही, तर पुढचे उड्डाण धावपट्टीच्या माथ्यावरच, इंजिनाशिवाय तरंगत उतरता येईल एवढी उंची राखून करावे, आणि प्रवासी घेऊ नये.