एव्हरी आयलंड: टॅबॅस्कोचा कारखाना बघाच, पण निम्मा दिवस बागेला द्या

न्यू ऑर्लिन्सला गेलेली मंडळी एक दिवस काढून एव्हरी आयलंडला टॅबॅस्को या तिखट मिरची-सॉसचा कारखाना बघायला जातात, आणि जातात नेमकी शनिवारी. बाटल्या भरायची लाइन साधारणपणे सोमवार ते गुरुवार चालू असते. शनिवार-रविवारी काचेपलीकडे थांबलेले पट्टे बघायचे, दुकानात सॉस चाखायचा, फ्रिजवरचं मॅग्नेट घ्यायचं आणि परतीला लागायचं. एवढ्यासाठी जाऊन-येऊन पावणेतीनशे मैल गाडी हाकणं परवडत नाही. मधल्या वारी गेलात आणि जंगल गार्डन्स या तिथल्या बागेला वेळ ठेवलात, तर मात्र दक्षिण लुइझियानात यापेक्षा बरा दिवस मिळणं कठीण.

आधी जागा समजून घ्या, कारण सगळी गंमत तिच्यातच आहे. हे समुद्रातलं बेट नाही. चहूबाजूंनी खारी दलदल, सायप्रसची झाडं उभी असलेलं पाणी आणि संथ ओढे, आणि मधोमध १६३ फूट उंचीचा एक उंचवटा. आपल्या सह्याद्रीच्या हिशेबात ही टेकडीसुद्धा नाही, पण तिथल्या सपाटीवर ती लांबून उठून दिसते. जमिनीखालून मिठाचा प्रचंड खांब वर सरकत आला आणि त्याने माती वर उचलली, म्हणून ही कोरडी जागा तयार झाली. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ साली, इथे खडकमीठ सापडलं. खाण बघायला मिळत नाही. संग्रहालयात तिचा देखावा आहे, त्यावर भागवायचं.

गाडी हवीच, सार्वजनिक वाहन इथवर येत नाही. न्यू ऑर्लिन्सहून सव्वादोन ते अडीच तास, लाफायेटहून पाऊण तास. ह्यूस्टनहून येणाऱ्यांनी आय-१० ने लाफायेट गाठायचं, तिथून हायवे ९० ने न्यू आयबेरिया आणि पुढे ३२९ नंबरचा रस्ता. एका दिवसात ह्यूस्टनहून जाऊन परत येता येतं, पण बागेचा बळी जातो. त्यापेक्षा लाफायेटला मुक्काम करा. तिकीट कारखान्याचं वेगळं आणि बागेचं वेगळंही मिळतं. दोन्हींचं एकत्र घ्या.

कारखान्याचा फेरा आपला आपण करायचा, सोबत गाइड नसतो. त्यामुळे फलक न वाचता चालत सुटलं की अर्ध्या तासात सगळं उरकतं आणि "एवढंच?" असं होतं. दीड तास ठेवा. सुरुवातीच्या संग्रहालयात एडमंड मॅकिलहेनी या माजी बँकरची कथा आहे: १८६८ मध्ये मिरचीचं पहिलं विक्रीयोग्य पीक, १८७० मध्ये पेटंट. कंपनी अजून त्याच घराण्याकडे आहे, आणि फलकांचा सूर घरच्या लग्नाच्या अल्बमसारखा आहे. तिथे फार रेंगाळू नका.

ग्रीनहाउसमध्ये मात्र थांबा. टॅबॅस्को मिरची झाडाला लोंबत नाही, आभाळाकडे तोंड करून उभी असते, आणि हिरवी, पिवळी, केशरी, लाल अशी रंग बदलत जाते. तोडणाऱ्यांकडे लाल रंगवलेली छोटी काडी असते. मिरची त्या काडीच्या रंगाला आली तरच तोडायची. मिरचीची मोठमोठी शेतं दिसतील अशी अपेक्षा ठेवून येणाऱ्यांची निराशा होते. सॉसची बहुतेक मिरची आता लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेत पिकते. बेटावर थोडी लागवड होते ती मुख्यतः बियाण्यासाठी.

सगळ्यात बघण्यासारखं म्हणजे पिंपांचं कोठार. मिरची तोडल्याच्या दिवशीच मिठाबरोबर वाटतात आणि तो लगदा पांढऱ्या ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवतात. पिंपं व्हिस्कीची, वापरलेली. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीला कायद्याने दर वेळी नवीन जळकं पिंप लागतं, म्हणून जुनी मुबलक मिळतात. आतला जळका थर खरवडून काढतात, नाहीतर व्हिस्कीचा वास आणि कोळसा लगद्यात उतरेल. झाकणाला बारीक भोकं असतात आणि वर मिठाचा जाड थर. आंबताना तयार होणारा वायू त्यातून बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आत शिरत नाही. ओल शोषून मीठ पुढे दगडासारखं घट्ट होतं. जवळून पाहिलंत तर काही पिंपांच्या कडेला ओघळ सुकून बसलेले दिसतात. ज्यांच्या घरी मिरच्या मिठात घालून मुरवतात, त्यांना इथला वास परका वाटणार नाही.

पुढच्या टप्प्यात मुरलेल्या लगद्यात व्हिनेगर घालून मोठ्या टाक्यांत दोन ते चार आठवडे ढवळतात, मग बिया आणि साली गाळून टाकतात. इथे हवेत तिखट-आंबट वाफ असते. दमा असेल किंवा लहान मूल कडेवर असेल तर या खोलीत फार वेळ काढू नका. ठसका लागतो आणि डोळे चुरचुरतात. डोळे चोळायचा मोह आवरा. बाटलीबंद सॉसमध्ये शेवटी तीनच गोष्टी राहतात: मिरची, मीठ, व्हिनेगर. म्हणजे सॉस शाकाहारीच, उपास नसेल तर कुणालाही चालेल असा.

दुकानात चाखायची सोय फुकट आहे, पण क्रम चुकला की जीभ बाद होते. हिरव्या हालापेन्योपासून सुरू करा (६०० ते १,२०० स्कोव्हिल, हे तिखटपणा मोजायचं एकक), मग मूळचा लाल (२,५०० ते ५,०००), मग हबानेरो, आणि स्कॉर्पियन अगदी शेवटी, काडीच्या टोकावर घेऊन. मूळ सॉस चाखून "हे काय तिखट?" म्हणत नाक मुरडणारे मराठी लोक कमी नाहीत. पण ठेच्याच्या मापाने याला मोजणं चुकीचं आहे. हा भाकरीवर घ्यायचा ऐवज नव्हे. आधी आंबट लागतं, मग खारट, तिखट मागून येतं. अंडं, कालवं, टोमॅटोचं सूप यांवर दोन थेंब पुरतात. गोव्याच्या रेशादची सवय असलेल्यांना मिरची आणि व्हिनेगरची ही जोडी लगेच पटते. तोंड पोळलं तर पाणी पिऊ नका, तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. दुधाचं काही खा.

जेवणाचं मात्र जपून. शेजारच्या रेस्टॉरंटात क्रॉफिश एटुफे (गोड्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाचा भातावरचा रस्सा), गम्बो (दाटसर सूप), रेड बीन्स-भात असे तिकडचे पदार्थ मिळतात. क्रॉफिश एटुफे चवीला छान, दाट आणि लोण्याच्या चवीचं. मासे खाणाऱ्यांनी तेच घ्यावं. शाकाहाऱ्यांनी रेड बीन्सला राजमा समजून ताट उचलू नये, त्यात बहुधा डुकराचं सॉसेज असतं, आणि गम्बोचा रस्सा मांसाच्या किंवा माशांच्या स्टॉकवर असतो. आधी विचारा, किंवा सरळ डबा न्या.

आता बाग. जंगल गार्डन्स १७० एकरांची आहे. एडमंडचा मुलगा एडवर्ड, ज्याला सगळे मिस्टर नेड म्हणत, त्याने ती उभी केली आणि १९३५ मध्ये लोकांसाठी खुली केली. फाटकावर नकाशा मिळतो. आतला रस्ता गाडीनेच धरायचा, जागोजागी उतरून पायी फिरायचं. न उतरता चक्कर मारली तर झाडं दिसतील, बाग दिसणार नाही. जुन्या ओकवरून लोंबणारं करडं स्पॅनिश मॉस हे शेवाळ नव्हे, अननसाच्या कुळातलं आहे आणि झाडाचा रस शोषत नाही. खाली पडलेलं मात्र हातात घेऊ नका, त्यात बारीक चावरे किडे असतात. बांबूचं बन आणि काचेच्या मंडपातली शेकडो वर्षं जुनी चिनी बुद्धमूर्ती (१९३६ मध्ये इथे आली) या दोन्ही ठिकाणी पायी जा.

बागेतली बर्ड सिटी, म्हणजे बगळ्यांची वसाहत, चुकवली तर येणं वाया. बायकांच्या टोपीत तुरे खोवण्यासाठी पांढऱ्या बगळ्यांची बेसुमार शिकार होत होती. नेडने १८९५ मध्ये आठ पिल्लं पाळली आणि शरद ऋतूत सोडून दिली. पुढच्या वसंतात ती परत आली. आज तळ्यात उभारलेल्या बांबूच्या मचाणांवर हजारो पक्षी घरटी करतात. मार्च ते जून हा खरा काळ. दुपार कलली की चरायला गेलेले थवे परततात, म्हणून कारखाना सकाळी आणि बर्ड सिटी शेवटी ठेवा. कारखाना चारला आणि बाग पाचला बंद होते, तेव्हा साडेतीनच्या आत मचाणाजवळ असा. ऑक्टोबरात जाऊन "पक्षी कुठे आहेत?" विचारण्यात अर्थ नाही. फुलांसाठी जायचं तर कॅमेलिया हिवाळ्यात, अझेलिया मार्चच्या आसपास. दोन्हींचा आणि बगळ्यांचा मेळ मार्चमध्ये बसतो.

जुलै-ऑगस्ट टाळा. ऊन आणि दमटपणा मुंबईच्या मे महिन्याला लाजवेल असा, शिवाय डास. पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचं मलम, पाणी गाडीत ठेवाच. तळ्याकाठी मगरी ऊन खात पडलेल्या असतात, पिंजऱ्यात नाहीत. लहान मुलांचा हात सोडू नका आणि काठाला बसून डबा उघडू नका. ऑगस्ट-सप्टेंबर हा चक्रीवादळांचा ऐन मोसम. २००५ च्या रीटा वादळात पाणी कारखान्यापर्यंत येऊन ठेपलं होतं, त्यानंतर भोवती बांध घातला गेला. त्या काळातलं बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या.

खरेदीत मूळ सॉसची मोठी बाटली घेऊ नका, ती भारतातही मिळते. इथे घ्यायची ती जास्त वर्षं मुरवलेली फॅमिली रिझर्व्ह. फक्त हातातल्या बॅगेतून न्यायची असेल तर ५९ मिलिलिटरची छोटी बाटलीच चालते. १४८ मिलिलिटरची सुरक्षा तपासणीत काढून घेतात, ती चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका, झाकणावर टेप लावून.