डब्ल्यूजी मालगाडी इंजिनाची नवी प्रतिकृती : जवळून पाहिलेले गुण आणि उणिवा

भारतीय रेल्वेच्या, मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूजी वर्गाच्या वाफेच्या इंजिनाची एचओ प्रमाणातील, म्हणजे 1:87 आकाराची, रुळावर चालणारी नवी प्रतिकृती सध्या आमच्याकडे तपासणीसाठी आहे. एका छोट्या देशी कारखान्याने ती मोजक्या संख्येत काढली आहे. कारखान्याचे नाव येथे देत नाही, कारण हे परीक्षण एकाच नगावर आधारलेले आहे आणि त्यात आढळलेले दोष त्यांना स्वतंत्रपणे कळवले आहेत. माझे मत आधीच सांगतो. मूळ आराखड्यावरून इतक्या निष्ठेने उतरवलेले भारतीय ब्रॉडगेजचे चालते इंजिन माझ्या हाताखालून यापूर्वी गेलेले नाही. मात्र ओझे ओढणारे इंजिन कसे दिसते आणि कसे बोलते, ते या प्रतिकृतीत अजून पुरते उतरलेले नाही.

डब्ल्यूजीचीच निवड झाली याचा खानदेशातल्या रेल्वेप्रेमींना विशेष आनंद व्हावा. चित्तरंजनच्या कारखान्यातून 1950 मध्ये बाहेर पडलेले पहिले इंजिन ‘देशबंधू’ याच वर्गाचे होते आणि 1970 मध्ये तेथे तयार झालेले ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन ‘अंतिम सितारा’ हेही याच वर्गाचे. देशी-विदेशी कारखाने मिळून या वर्गाची सुमारे 2450 इंजिने झाली. मुंबईकडून येणारी विजेची तार 1930 च्या सुमारास इगतपुरीला येऊन थांबली होती आणि पुढची कित्येक दशके नाशिक, मनमाड, चाळीसगाव, जळगाव असा सारा पल्ला वाफेवरच तोडला जात असे. नागपूर आणि इटारसीकडचे मार्ग जिथे फुटतात त्या भुसावळला या इंजिनांचे काय महत्त्व होते, ते येथल्या कोणत्याही जुन्या रेल्वे कुटुंबाला विचारावे. मेल-एक्स्प्रेसच्या डब्ल्यूपी इंजिनाचे गोल, चकाकते नाक सर्वांच्या लक्षात राहिले; कापूस, कोळसा आणि धान्य ओढणाऱ्या डब्ल्यूजीचे चित्र मात्र फारसे कोणी काढले नाही.

या इंजिनाची खरी ओळख त्याच्या उंच रनिंग बोर्डात, म्हणजे बॉयलरच्या बाजूने जाणाऱ्या लांब फळीत आहे. बोर्ड उंच असल्यामुळे आठही मोठी चाके, ती एकमेकांना जोडणारे साइड रॉड आणि सिलिंडरमध्ये वाफ कधी सोडायची ते ठरवणाऱ्या दांड्या, म्हणजे व्हॉल्व्ह गिअर, पूर्ण उघडे राहतात, आणि बॉयलरच्या पोटाखालून पलीकडचा उजेड दिसतो. प्रतिकृतीतील मोटर अनेकदा नेमकी याच जागी बसवली जाते आणि तो उजेड बुजतो. येथे मोटर मागे फायरबॉक्सच्या, म्हणजे भट्टीच्या, पोकळीत बसवून तेथून लांब शाफ्टने तिसऱ्या आसाला गती दिली आहे. त्यामुळे पुढच्या दोन चाकांच्या वर आरपार दिसते आणि इंजिन बाजूने पाहताना डब्ल्यूजी म्हणून चटकन ओळखू येते. या एका निर्णयासाठी आराखडा करणाऱ्याचे मनापासून अभिनंदन करावेसे वाटते, कारण त्यासाठी गिअरपेटी नव्याने बनवावी लागली असणार.

चाकांचे माप मी व्हर्निअरने घेतले. मूळ इंजिनाच्या मोठ्या चाकाचा व्यास 1562 मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात तो 18 मिलिमीटरला अगदी किंचित कमी भरायला हवा, आणि तो तसा भरतो. फ्लँज, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणारी आतली कड, थोडी खोल आहे, पण रुळावर चालणाऱ्या प्रतिकृतीत तेवढी सूट द्यावी लागते. आरे बारीक आहेत, क्रँकजवळचे संतुलन-वजन योग्य चाकावर योग्य आकाराचे आहे आणि टायरची कड वेगळ्या धातूची भासावी इतकी स्वच्छ सोडलेली आहे.

अडचण दोन चाकांमधल्या अंतराची आहे आणि ती या प्रतिकृतीपुरती नाही. बाजारात मिळणारा एचओ रूळ 16.5 मिलिमीटरचा असतो, कारण तो 1435 मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी ठरवलेला आहे. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. 87 ने भागल्यास तो 19.3 मिलिमीटर येतो. म्हणजे हे इंजिन ज्या रुळावर उभे आहे, तो खऱ्या मापाने जवळजवळ 24 सेंटिमीटर अरुंद आहे. बाजूने पाहताना काहीच जाणवत नाही. पण समोरून, डोळा रुळाच्या उंचीवर आणून पाहिले, की इंजिनाच्या तोंडाशी आडव्या असलेल्या बफर बीमच्या रुंदीच्या मानाने चाके आत ओढल्यासारखी दिसतात आणि ब्रॉडगेजच्या इंजिनाचा पाय रोवून उभे राहण्याचा डौल हरवतो. सिलिंडर मात्र खऱ्या जागी, बाहेरच ठेवले आहेत, त्यामुळे दांड्या आणि चाके यांच्यामध्ये जास्तीची फट राहिली आहे. सिलिंडर आत सरकवून ही फट लपवता आली असती. तसे केले नाही हे मला पटते, कारण उद्या कोणी स्वतः 19.3 मिलिमीटरचा रूळ टाकला आणि लांब आस बसवले, तर वरचे सर्व काही जागच्या जागी बरोबर असेल.

वॉलशार्ट्स पद्धतीच्या व्हॉल्व्ह गिअरकडे वळू, कारण माझी मुख्य तक्रार येथे आहे. सर्व दांड्या धातूच्या आहेत, रिव्हेट नीट बसलेले आहेत आणि हालचाल अडखळत नाही. परंतु एक्स्पान्शन लिंक या खाच असलेल्या वक्र भागातला सरकता ब्लॉक कायमचा मधोमध बसवला आहे. खऱ्या इंजिनात रिव्हर्सर, म्हणजे हा ब्लॉक वर-खाली सरकवण्याचा ड्रायव्हरचा दांडा, मध्यावर असला की व्हॉल्व्ह जेमतेम हलतो. गाडी उचलताना ड्रायव्हर तो पूर्ण पुढे टाकतो, ब्लॉक लिंकच्या खालच्या टोकाला जातो आणि व्हॉल्व्हचा दांडा लांब मागेपुढे होऊ लागतो. प्रतिकृतीत पिस्टन जोमाने धावतो आणि वरचा दांडा जागीच थरथरतो. ज्याने हे यंत्र चालताना पाहिलेले नाही त्याला हे कळणारही नाही, पण ज्याने पाहिले आहे त्याची नजर तेथून हटत नाही. ब्लॉकची पिन दीड-दोन मिलिमीटर खाली घेतली, तर कोणताही जादा खर्च न होता हा दोष जातो.

आवाजाबाबतही हाच मुद्दा निराळ्या अंगाने येतो. डब्ल्यूजीला दोन सिलिंडर, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार ठोके पडायला हवेत. अगदी सावकाश चालीत मी चाकावर खडूची खूण करून ठोके मोजले. ते चारच पडतात आणि क्रँकच्या जागेशी जुळतात. वेग वाढला की जुळणी सुटते, पण तेव्हा कानालाही ते वेगळे काढता येत नाही. फायरमन म्हणून सुरुवात करून मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले आमच्या कॉलनीतील आप्पा हा आवाज डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “भाऊ, ठोका बरोबर आहे, पण हे मोकळं इंजिन चाललंय. मागे लोड असल्यावर ते असं बोलत नाही.” त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. रिकामे इंजिन असो वा मागे वाघिणींची रांग असो, आवाजात तसूभर फरक पडत नव्हता. डिकोडरमध्ये, म्हणजे मोटर आणि आवाज चालवणाऱ्या चिपमध्ये, मोटरवरील भाराप्रमाणे आवाज बदलण्याची सोय आहे, ती कारखान्यातून बंद ठेवून पाठवलेली होती. पुस्तिकेत दिलेला सीव्ही, म्हणजे डिकोडरच्या सेटिंगचा आकडा, बदलून ती चालू केल्यावर चढावर ठोके जड आणि रुंद झाले, उतारावर हलके झाले आणि आप्पांनी मान डोलावली. ग्राहकाने हे स्वतः शोधून काढावे अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. ही सोय सुरुवातीपासून चालूच असायला हवी. शिट्टीबाबत मात्र आप्पांचे समाधान झाले नाही. ती परदेशी ध्वनिमुद्रणातून उचललेली वाटते. रेवाडीच्या शेडमध्ये भारतीय वाफेची इंजिने आजही चालू स्थितीत ठेवलेली असताना शिट्टीसाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नव्हती.

कॅब उत्तम आहे. प्रेशर गेज, पाण्याच्या काचा, रेग्युलेटरचा दांडा आणि भट्टीचे दार हे सारे वेगवेगळे भाग आहेत आणि गेजच्या तबकड्या भिंगातून वाचता येतात. दार उघडे दाखवून आत मंद लालसर दिवा लुकलुकतो. डब्ल्यूजीमध्ये कोळसा फावड्यानेच टाकावा लागे आणि त्यासाठी ड्रायव्हरच्या जोडीला दोन फायरमन असत. प्रतिकृतीत माणसे दोनच आणि तीही युरोपियन टोपी घातलेली! खानदेशच्या उन्हात भट्टीसमोर उभा राहणारा फायरमन डोक्याला रुमाल बांधत असे. ही दोन माणसे काढून टाकणे सोपे आहे, मी ती काढली आहेत.

टेंडरविषयी, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याविषयी, थोडक्यात सांगता येईल. आकार बरोबर, शिडी आणि कठडे बारीक तारेचे, कोळसा खऱ्या कोळशाच्या चुऱ्याचा. आठही चाकांवरून वीज घेतली जाते आणि टेंडरमध्ये कपॅसिटर आहे, ज्यामुळे रुळावरच्या धुळीने क्षणभर संपर्क तुटला तरी इंजिन थांबत नाही. आमच्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ खिडक्या बंद असल्या तरी घरात येते, म्हणून या सोयीचे मोल मला इतर कशाहीपेक्षा जास्त वाटते.

रंग काळा, पण एकसारखा सपाट नाही. बॉयलरच्या पुढचा स्मोकबॉक्स थोडा करडा आणि बॉयलर किंचित तकतकीत आहे. ‘म. रे.’ ही अक्षरे सुबक आहेत. बफर बीमचा लाल रंग माझ्या नगावर एका कडेला सांडलेला आहे. व्हॅक्यूमचा होज पाइप रबरी आहे, त्यामुळे तो हाताळताना मोडत नाही.

ओढण्याची ताकद मी घरी मांडलेल्या रुळांवर, म्हणजे लेआउटवर, 1:40 च्या चढासह, तपासली. मागच्या मोठ्या चाकांवर रबरी रिंगा असल्याने चार आसांच्या वाघिणींची चांगली लांब गाडी ते न घसरता वर नेते. वळण मात्र 438 मिलिमीटर त्रिज्येपेक्षा कमी चालत नाही. तेवढ्या वळणावर पुढचे लहान चाक सिलिंडरच्या आतल्या बाजूला घासते आणि रंग खरवडला जातो, म्हणून मी 500 च्या खाली जाऊ नये असे सुचवीन. रूळ बदलण्याच्या सांध्यांवरून ते दोन्ही दिशांनी बिनतक्रार जाते.

साउंडसह किंमत 30,000 रुपयांच्या घरात आहे. ती थोडी नाही, पण धातूची चासी, नव्याने घडवलेली गिअरपेटी आणि मोजकी संख्या पाहता अवाजवीही म्हणता येत नाही. बिगर-साउंड नग बराच स्वस्त मिळतो आणि त्यात डिकोडर बसवण्यासाठी 21 पिनी सॉकेट आहे. शिट्टीविषयीचा आक्षेप ध्यानात घेता, आधी तो घेऊन डिकोडर नंतर बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

जळगाव-भुसावळच्या ग्राहकांसाठी आणखी एक गोष्ट. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या किंवा गच्चीलगतच्या खोलीत त्याहून अधिक उष्णता साठते. या प्रतिकृतीचा रनिंग बोर्ड प्लास्टिकचा, लांब आणि पातळ आहे आणि तो बॉयलरला चार ठिकाणी केवळ खुंट्यांनी अडकवलेला आहे. माझ्या नगात उन्हाळ्याच्या तोंडावरच डावीकडच्या बाजूला तो मधोमध किंचित उचलला गेला. दुकानातून घेतानाच इंजिन डोळ्यासमोर आडवे धरून बोर्डाची रेषा सरळ आहे का ते पाहावे, आणि घरी त्याची पेटी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात आडवी ठेवावी. उन्हाळ्यात गिअरपेटीतले ग्रीस पातळ होऊन चाकांवर उतरते, म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला खालचे चार स्क्रू काढून ते पुसून नवे भरावे लागेल. हे स्क्रू साध्या फिलिप्स डोक्याचे आहेत आणि तारा न सोडता झाकण निघते.