१६:८, दोनच जेवणं की तीन वेळा मोजून: चरबी जावी, स्नायू राहावेत यासाठी

चरबी किती उतरेल हे आठवडाभरात एकूण किती कॅलरी कमी खाल्ल्या यावर ठरतं. स्नायू टिकतील का, हे प्रोटीन आणि वजन उचलण्याच्या व्यायामावर. उपवासाचं घड्याळ या दोन्हींनंतर येतं.

१६:८ म्हणजे १६ तास उपाशी, उरलेल्या ८ तासांत खाणं; बहुतेक जण दुपारी १२ ते रात्री ८ खातात. सकाळचे तर्री-पोहे सुटले म्हणून स्नायूंचं काही अडत नाही, तर्रीतला चना सोडला तर त्यात प्रोटीन जेमतेमच. गडबड होते ती पुढच्या दोन जेवणांत भरपाई न केल्याने. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी ११६ जणांवर १२ आठवडे हाच प्रयोग केला. काय खायचं हे सांगितलं नव्हतं, व्यायामाचंही बंधन नव्हतं. वजन सरासरी किलोभरही उतरलं नाही, तीन वेळा जेवणाऱ्यांहून फरक नगण्य. शिवाय ज्यांची शरीररचना मोजली, त्यांच्या घटलेल्या वजनात सुमारे ६५ टक्के वाटा चरबीचा नव्हताच. एरवीच्या डाएटमध्ये चरबी सोडून घटणारा हा वाटा २० ते ३० टक्के असतो. उलट २०१६ च्या इटलीतल्या अभ्यासात नियमित वजन उचलणाऱ्या ३४ पुरुषांनी भरपूर प्रोटीन घेऊन ८ आठवडे १६ तास उपाशी राहून पाहिलं: चरबी घटली, स्नायू टिकले.

दोन जेवणांची पद्धत नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून आली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती घरोघरी पोचवली. मधलं खाणं, गोड चहा सुटतो, हा तिचा मोठा फायदा. अडचण ताटात आहे. ७० किलोच्या माणसाला वजन उतरवताना रोज ८५ ते ११० ग्रॅम प्रोटीन हवं, म्हणजे एका बैठकीत किमान ४२-४३. ते असं जमतं: ५० ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण (११), तीन पोळ्या (९), १०० ग्रॅम पनीर (१८), मोठी वाटी दही (५). पातळ वरण आणि भाताचा डोंगर असेल तर हा आकडा निम्म्यावरही जात नाही.

एकादशीचा उपवास या तुलनेत बसतच नाही. १०० ग्रॅम साबुदाण्यात ३५० कॅलरी, प्रोटीन एक ग्रॅमही नाही. एका दिवसाने स्नायू झडत नाहीत, पण चरबीही जात नाही. नवरात्रात मात्र नऊही दिवस दही, दूध, पनीर, दाण्याचा कूट हवाच.

आमचा कौल: साठी ओलांडलेल्यांनी, भूक कमी असणाऱ्यांनी आणि शाकाहारी जिमवाल्यांनी तीन वेळा मोजून खावं. रात्री उशिरा फ्रिज उघडण्याची सवय असेल तर १६:८ घ्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांनी डोस बदलून दिल्याशिवाय कुठलाच उपवास नको, रक्तातली साखर धोकादायक घसरते. मे महिन्यात ४५ अंशांत निर्जळी तर कुणीच करू नये.

पहिल्या आठवड्यात उतरलेले दोन किलो बहुतांशी पाणी असतं, कारण ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, एक ग्रॅम गेलं की सोबत साधारण ३ ग्रॅम पाणी जातं. जिममधल्या मशीनचा चरबीचा टक्काही त्यानेच हलतो. म्हणून आठवड्यातून एकदा, सकाळी, बेंबीच्या रेषेत टेपने कंबर मोजा आणि स्क्वॉटचं वजन लिहून ठेवा. कंबर तशीच राहून उचललेलं वजन दोन आठवडे घसरत असेल तर खाण्याचे तास वाढवा आणि सकाळी दोन अंडी किंवा मूठभर फुटाणे परत आणा.